पाच गाड्यांचं अंतर: दुसरा कुत्रा दिसला की पेटणाऱ्या कुत्र्याला मुंबईत फिरवताना

आम्ही दादर पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीत एक लिफ्ट आणि सहा कुत्री. बाहेर पडलं की चार फुटांचा फूटपाथ, त्यातही अर्ध्यावर भाजीवाली बसलेली. अशा ठिकाणी आम्ही खंडूला आणला: बांधकामाच्या साइटवर वाढलेला, सात महिन्यांचा, गव्हाळ रंगाचा गावठी. माणसांशी इतका गोड की वॉचमनच्या डब्यातली अर्धी पोळी रोज त्याची. पण समोरून दुसरा कुत्रा आला की संपलं. मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकणार, पट्टा ओढून खोकणार. एकदा तर त्या भरात त्याने माझ्याच पोटरीला दात लावले.

पहिले चार महिने आम्ही जे जे करू नये ते सगळं केलं. ओरडलो, पट्टा आवळला, ‘ओळख झाली की शांत होईल’ म्हणून त्याला दुसऱ्या कुत्र्यांच्या तोंडाशी नेलं. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी व्हेट नाही आणि ट्रेनरही नाही, बँकेत नोकरी करते. त्यामुळे यात शास्त्र आहे ते मी विचारून आणि वाचून शिकलेलं, आणि बाकीचं रस्त्यावर शिकलेलं.

१. आधी ओळखा: राग, भीती की उतावळेपणा

अशा कुत्र्यांना ट्रेनर मंडळी ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात. म्हणजे समोरचा कुत्रा जेवढ्या प्रतिक्रियेच्या लायकीचा आहे, त्याच्या दसपट प्रतिक्रिया देणारा. रिॲक्टिव्ह कुत्रा चावराच असतो असं नाही. बहुतेक वेळा या तमाशाच्या मागे भीती असते: ‘मी आधी ओरडलो तर तो निघून जाईल’. आणि फूटपाथवर समोरचा कुत्रा आपल्या वाटेने निघूनच जातो. म्हणजे आपल्या कुत्र्याच्या हिशेबात भुंकणं दर वेळी यशस्वी ठरतं! म्हणून ते आपोआप कमी होत नाही, वाढत जातं.

दुसरा प्रकार उतावळ्यांचा. यांना समोरच्याशी खेळायचं असतं, पट्टा अडवतो, मग चिडचिड बाहेर पडते. लहानपणी ‘सगळ्यांना भेटू दे’ म्हणून प्रत्येक कुत्र्याजवळ नेलेली पिल्लं बऱ्याचदा या वाटेने जातात. ओळखायची एक खूण: पट्ट्याशिवाय, मोकळ्या जागेत ओळखीच्या कुत्र्यांशी तो नीट खेळतो का? खेळत असेल तर उतावळेपणाची शक्यता जास्त. पण ही परीक्षा रस्त्यावर पट्टा सोडून घेऊ नका.

पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाची ओळख होण्याचे. त्या काळात चांगले अनुभव मिळाले नाहीत, किंवा वाईट मिळाले, तर पुढे जड जातं. शिवाय सहा महिने ते दीड वर्ष हे वयात येण्याचं वय. ‘लहान होता तेव्हा सगळ्यांशी खेळायचा हो’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ऐकल्याबरोबर कुत्र्याचं वय विचारते.

नसबंदी केली की शांत होईल, असं तुम्हाला दहा जण सांगतील. नसबंदी जरूर करा, पण भीती तिने जात नाही.

२. ट्रेनरच्या आधी व्हेट

ही पायरी लोक गाळतात. कंबर, गुडघे, कान, दात यातलं काही दुखत असेल तर कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. मुंबईत वर भर गोचिडतापाची. ताप उतरल्यावरही अंग दुखत राहतं आणि आपल्याला वाटतं कुत्रा बिघडला. शांत असलेला कुत्रा दोन-चार आठवड्यांत अचानक बदलला असेल तर हमखास आधी तपासणी.

व्हेटकडे जाताना मोबाइलवर दोन व्हिडिओ न्या: एक चालतानाचा बाजूने काढलेला, एक भुंकण्याच्या प्रसंगाचा. दवाखान्यात कुत्रा घाबरून वेगळाच वागतो. प्रतीक्षेच्या खोलीत इतर कुत्री असतातच, तेव्हा फोन करून सकाळची पहिली वेळ मागा आणि नंबर येईपर्यंत बाहेर टॅक्सीत किंवा रस्त्याच्या पलीकडे थांबा. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी गर्दी धरून चाला, म्हणजे घरातलं एक माणूस नंबर लावायला आणि एक बाहेर कुत्र्याजवळ.

काही कुत्र्यांना औषधाची गरज लागते. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या व्हेट देतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र मनाने किंवा दुसऱ्याच्या कुत्र्याचं बघून गोळी देऊ नका.

३. सामान

– छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा हार्नेस. खांदे मोकळे राहिले पाहिजेत.
– सहा फुटांचा साधा पट्टा. बटण दाबून लांब-आखूड होणारा नको. ऐन वेळी तो सुटतच जातो आणि दोर हाताला कापतो.
– दुहेरी हुक: एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला. खंडू एकदा हार्नेसमधून मागे सरकून निसटला, तेव्हापासून आमचा हा नियम.
– कमरेची पाउच. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. तिच्या चुरचुर आवाजानेच कुत्र्याला कळतं की आता काहीतरी येणार, आणि सगळा धडा उलटा पडतो. का ते सातव्या पायरीत.
– जाळीचं मुस्कं, कुत्रा चावण्याची शक्यता असेल तर.
– पावसाळा असो वा नसो, छत्री.

मुस्क्याबद्दल थोडं सविस्तर. तोंड आवळून धरणारं कापडी मुस्कं फिरायला कधीही घालू नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि मुंबईच्या दमट हवेत तोंड बंद म्हणजे जिवाशी खेळ. जाळीच्या मुस्क्यात त्याला तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं. सवय लावायला दोन आठवडे धरा: मुस्क्याच्या आत दही लावायचं, त्याने आपणहून तोंड घालायचं, पट्टी लावण्याची घाई करायची नाही.

खाऊसाठी उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, सगळं तुरीच्या दाण्याएवढं बारीक. आमच्याकडे सगळ्यांत भाव खाऊन गेले ते न खारवलेले सुके बोंबील, कात्रीने तुकडे करून. टॅक्सीवाले नाक मुरडतात, पण खंडू त्या वासासाठी वाघासमोरूनही मान फिरवेल. कांदा-लसूण घातलेलं, मनुका, चॉकलेट यातलं काही नको. घरच्या रश्शातलं चिकन धुऊन दिलं तरी नको.

चोक चेन, काटेरी पट्टा, शॉकचा पट्टा विकत घेऊ नका. घरात असेल तर फेकून द्या. समोर कुत्रा दिसला आणि त्याच क्षणी गळ्याला कळ आली, तर कुत्र्याचा निष्कर्ष सरळ आहे: तो कुत्रा दिसला की दुखतं. तुम्ही भुंकणं दाबाल, भीती वाढवाल. आणि भुंकणं ही धोक्याची घंटा असते. ती बंद पाडली की कुत्रा एके दिवशी न भुंकता चावतो.

४. अंतर मोजा

सगळ्या प्रकरणाचं मर्म हे आहे, त्यामुळे इथे घाई नको. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडे दुसरा कुत्रा असेल तर तो बघतो, पण त्याचं डोकं चालू असतं. त्याच्या अलीकडे आला की डोकं बंद आणि तोंड सुरू. शिकवणं फक्त पलीकडच्या बाजूला होतं. अलीकडे तुम्ही ‘बस, बस’ म्हणून कितीही ओरडा, त्याला ते ऐकूच येत नसतं.

फूट-मीटर रस्त्यावर कोण मोजणार? म्हणून आम्ही रस्त्याकडेला उभ्या गाड्या मोजायला लागलो. छोटी गाडी साधारण तेरा फुटांची. खंडूचं सुरुवातीचं अंतर पाच गाड्या. पाचवी ओलांडून कुत्रा चौथीपाशी आला की भडका. एका वहीत आठवडाभर लिहा: कुठला कुत्रा, किती गाड्या, काय झालं. तुमच्या लक्षात येईल की अंतर सगळ्यांसाठी सारखं नसतं. खंडूला काळी कुत्री जास्त खटकतात, आणि समोरून सरळ अंगावर येणारी तर फारच.

कुत्री आपसांत भेटताना वळसा घालून, बाजूने येतात. नाकासमोर चालत येणं त्यांच्या रीतीत उद्धटपणा आहे. आपला फूटपाथ त्यांना नेमकं तेच करायला लावतो. दोन्हीकडून भिंत आणि गाडी, समोरासमोर दोन कुत्री, दोन्ही पट्टे ताठ. त्यात कुत्र्याचा दोष काढण्याआधी फूटपाथचा काढा.

अंतर संपत आल्याच्या खुणा भुंकण्याच्या आधी दिसतात. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं. कोणी ओठ चाटतो, कोणी जांभई देतो, कोणाच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. हातातला खाऊ तो नेहमीसारखा हळू न घेता बोटांसकट ओढतो, किंवा घेतच नाही. ही शेवटची खूण सगळ्यांत भरवशाची. शेपटीवर विसंबू नका. ताठ शेपटी टोकाशी हलते तेव्हा ती आनंदाची नसते, आणि आपल्या गावठ्यांची शेपटी तर जन्मजात गुंडाळलेली, तिच्यावरून काय कळणार?

५. पंधरा दिवस सुट्टी

ताण साठत जातो. सकाळी लिफ्टमध्ये एक कुत्रा, मग गल्लीत फटाका, मग कुरिअरवाल्याची बेल, आणि संध्याकाळी पाच गाड्यांचा कुत्रा आठ गाड्यांवरून भुंकतो. आपण म्हणतो, ‘आज काय अंगात आलंय याच्या?’ आज काही नाही, दिवसभराचं आहे.

म्हणून सुरुवातीला पंधरा दिवस शक्य तितकी भेटच टाळा. पहाटे सव्वापाच आणि रात्री अकरानंतर. मधल्या फेऱ्या फक्त शी-शूपुरत्या, पाच मिनिटांच्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला सकाळी सहानंतर जायचं नाही. माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स तर सकाळी कुत्र्यांचं संमेलनच असतं. चालणं कमी झालं तर बिघडत नाही, डोकं दमवा: जुन्या गोधडीच्या घड्यांत खाऊ लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली जेवण द्या. वीस मिनिटं हुंगण्याने खंडू जेवढा झोपतो तेवढा तासभर ओढत चालण्याने झोपत नाही.

रविवारी सकाळी आम्ही त्याला टॅक्सीने बॅलार्ड इस्टेटला न्यायचो. रुंद फूटपाथ, कार्यालयं बंद, समोरून येणारं लांबून दिसतं. भटकी कुत्री तिथेही आहेत, पण वळायला जागा आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आधीच विचारा, सीटवर चादर घाला आणि वरचे पन्नास रुपये द्या. तीच टॅक्सी पुढच्या वेळी स्वतः हाक मारते.

६. घरात दोन गोष्टी शिकवा

पहिली, ‘चल फिर’. हा शब्द ऐकला की कुत्र्याने तुमच्याबरोबर गर्रकन उलटं वळायचं. आधी हॉलमध्ये, मग पॅसेजमध्ये, मग जिन्यात. म्हणायचं, वळायचं, खाऊ द्यायचा. दिवसातून तीनदा, प्रत्येकी दहा वेळा. आवाज आनंदी ठेवा. तुम्ही घाबऱ्या आवाजात सराव केलात तर तो शब्दच धोक्याचा होईल.

दुसरी, ‘शोध’. मूठभर खाऊ जमिनीवर टाकायचा आणि कुत्र्याने नाक खाली घालून तो वेचायचा. हे संकटात कामी येतं. नाक खाली गेलं की डोळ्यांचं रोखून बघणं तुटतं, आणि समोरच्या कुत्र्यालाही तो कमी धोकादायक दिसतो.

आठवडाभर हे झाल्याशिवाय सातव्या पायरीला हात घालू नका. मी घातला होता.

७. रस्त्यावरचा धडा

पाच गाड्या असतील तर सहा घ्या. उभ्या गाड्यांच्या आडोशाला थांबा. कुत्रा दिसला की तुमच्या कुत्र्याला बघू द्या, एक-दोन सेकंद. मग ‘हां!’ म्हणा आणि लगेच खाऊ. पुन्हा बघितलं, पुन्हा ‘हां!’, पुन्हा खाऊ. समोरचा कुत्रा नजरेआड झाला की खाऊही बंद. एवढंच. बसवायचं नाही, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी कुत्रा दिसतो, नंतर खाऊ येतो. बरेच जण घाबरून आधीच खाऊ नाकासमोर धरतात. मग कुत्र्याला कळतं की खाऊ निघाला म्हणजे कुठेतरी कुत्रा आहे, आणि तो खाऊ सोडून इकडेतिकडे शोधायला लागतो. पिशवी चुरचुरली की तेच. पावलोवच्या कुत्र्यांचं उदाहरण शाळेत पाठ केलेलं असतं आपण. घंटा आधी, जेवण नंतर. इथे दुसरा कुत्रा ही घंटा आहे.

‘पण भुंकणाऱ्याला खाऊ म्हणजे भुंकण्याला बक्षीस नाही का?’ माझ्या सासऱ्यांचा हा प्रश्न, आणि रास्त आहे. एक तर तुम्ही भुंकण्याच्या आधी, अंतर राखून देताय. आणि चुकून भुंकल्यावर दिलात तरी भीतीला बक्षीस देऊन भीती वाढत नाही. विजा कडाडताना पोराला जवळ घेतलं म्हणून ते विजांना जास्त घाबरायला लागत नाही.

काही दिवसांनी एक गंमत होते. तुमचा कुत्रा दुसऱ्याला बघतो आणि आपणहून तुमच्याकडे मान वळवतो: ‘बघितला, द्या आता’. आमच्याकडे हे सहाव्या आठवड्यात झालं, एका पगच्या बाबतीत, आणि मी रस्त्यातच रडले. भाजीवालीने पाणी दिलं. ती मान वळायला लागली की अंतर अर्ध्या गाडीने कमी करा. तीन दिवस नीट गेले तर आणखी अर्ध्याने. बिघडलं तर एक गाडी मागे. एका फेरीत तीन-चार कुत्री पुरेत, पाचव्याचा मोह टाळा.

पट्टा हातात सैल ठेवा. कुत्रा दिसल्याबरोबर आपला हात नकळत आखडतो आणि ती बातमी दोरातून थेट त्याच्यापर्यंत जाते. मी पट्ट्याला मधोमध गाठ मारली होती. गाठ माझ्या मुठीत आली की समजायचं, मीच घाबरलेय.

८. लिफ्ट, जिना, लॉबी

मुंबईत अर्धे भडके इमारतीतच उडतात, कारण तिथे अंतर नावाची चीजच नाही. जमेल तर जिना. नसेल तर लिफ्टचं दार उघडण्याआधी कुत्र्याला दारापासून लांब, भिंतीच्या बाजूला उभं करा आणि स्वतः मध्ये उभं राहा. आतून बाहेर येतानाही आधी तुम्ही डोकावायचं. लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा असेल तर हसून ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणायचं आणि ‘चल फिर’. वळणावर दिसत नसेल तर ‘कुत्रा आहे हो’ अशी हाक द्या. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, नंतर सवय होते.

आमच्या सहा कुत्र्यांच्या घरांनी फिरवण्याच्या वेळा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. ‘खाली जातोय’, ‘वर आलो’, बस. कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा या दोन शब्दांनी आमचे भडके जास्त कमी केले. आणि वॉचमनला विश्वासात घ्या. गेटवर कोण आहे हे इंटरकॉमवर सांगणारा माणूस म्हणजे सोन्याहून पिवळं.

९. गल्लीतली कुत्री

पाळीव कुत्र्याला पट्टा असतो, गल्लीतल्याला नसतो, त्यामुळे इथे अंतर तुमच्या हातात नाही. मुंबईत हा वाद जुना आहे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि दंगल झाली होती. आजचे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना उचललं त्याच जागी परत सोडायचं. तेव्हा ती टोळी उद्याही तिथेच असणार. शेजारी म्हणूनच तिच्याशी वागायला हवं.

नकाशा काढा, खरंच कागदावर. कुठली टोळी कुठल्या कोपऱ्यावर बसते, कोणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे, कोणाला पिल्लं झालीत. पिल्लांची आई असेल ती गल्ली दोन महिने बंद. खाऊ घालणाऱ्या काका-काकूंना गाठा आणि वेळ विचारा. आमच्याकडे रात्री साडेदहाला भात पडतो. त्याआधी टोळी अस्वस्थ असते, नंतर सुस्तावते. म्हणून आम्ही अकराला निघतो.

एखादा भटका सरळ तुमच्याकडे यायला लागला तर पळू नका. तुमचा कुत्रा मागे, तुम्ही मध्ये. मूठभर खाऊ त्याच्या दिशेने, जमिनीवर पसरून फेका आणि तो वेचत असताना बाजूला वळा. खाऊ संपला तर छत्री त्याच्याकडे रोखून एकदम उघडा. ती भिंतही होते आणि नजरही तोडते. मात्र घरात आपल्या कुत्र्याला आधी छत्रीची सवय करा, नाहीतर तो तुमच्याआधी पळेल. दगड मारू नका. तुम्ही गेल्यावर दगडाचा हिशेब तो पुढच्या पाळीव कुत्र्याशी चुकता करतो. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आहेच.

१०. ‘आमचा काही करत नाही’

पट्टा सोडलेला कुत्रा धावत येतोय आणि मागून मालक ओरडतायत, ‘घाबरू नका, फ्रेंडली आहे!’ तुमचा नाही, हे त्यांना कळत नाही. समजावत बसायला वेळ नसतो. मी सरळ ओरडते, ‘याला खरूज आहे!’ लगेच पट्टा लागतो. खोटं आहे, पण तीन सेकंदांत याहून उपयोगी वाक्य मला सापडलेलं नाही. किनाऱ्यांवर, विशेषतः जुहूला, मोकळी सोडलेली कुत्री इतकी असतात की पहिले सहा महिने तिकडे फिरकूच नका. वाळू कितीही मोकळी दिसली तरी.

सोसायटीकडून तक्रारीचं पत्र आलं तर घाबरू नका, पण अंगावरही जाऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला, आपल्या जनावराने कोणाला इजा करू नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. दोन्ही लक्षात ठेवून सेक्रेटरींना भेटा. ही फाइल तयार ठेवा:

– महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, चालू वर्षाचा
– रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक
– नसबंदीचा दाखला
– व्हेटची किंवा ट्रेनरची चिठ्ठी, की काम सुरू आहे
– तुमची वही

वहीने आमच्या सभेत जादू केली. ‘मे महिन्यात लॉबीत अकरा वेळा भुंकला, जुलैत तीन वेळा’ असं वाचून दाखवल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनीच विषय संपवला.

ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ ‘झटका देतो’ किंवा ‘त्याला दाखवायचं मालक कोण ते’ असं उत्तर आलं की चहा पाजून निरोप द्या. आमच्या पहिल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी खंडूला चोक चेनवर उचललं होतं आणि आम्ही पैसे देऊन ते बघत उभे होतो. ही ‘अल्फा’ची, म्हणजे धाकाने कळप चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून मांडली. तिचा प्रसार करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे, १९९९ मध्ये, लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं आईबाप-पोरांचं कुटुंब असतं. दादरच्या चौथ्या मजल्यावर मात्र अल्फा अजून येतो, तासाचे पैसे घेतो.

११. मारामारी झालीच तर

मध्ये हात घालू नका. गळपट्टा धरून ओढू नका, दात तिथेच असतात. बादलीभर पाणी, मध्ये सरकवलेली छत्री किंवा पुठ्ठा, मोठा आवाज. दोन माणसं असतील तर प्रत्येकाने एका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी उचलून मागे चालत जायचं.

माणसाला दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. कुत्र्यालाही व्हेटला दाखवा. दाताची जखम वरून टिचभर आणि आत खोल असते. नंतर तीन-चार दिवस लांबच्या फेऱ्या बंद, पाचव्या पायरीसारखं.

१२. वर्षाचा हिशेब

जून ते सप्टेंबर गाड्यांखाली आणि दुकानांच्या शेडखाली कुत्री दाटीने बसतात, तेव्हा वळणावर अंतर शून्य होतं. रस्त्याच्या मधून चाला. तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गणपतीत ढोल-ताशाचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा यात नवं काही शिकवायला जाऊ नका. त्या दिवसांत आम्ही पहाटेची एक फेरी करतो आणि बाकी गोधडी. एप्रिल-मे मध्ये दुपारी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नाही.

खंडू आता तीन वर्षांचा आहे. बहुतेक कुत्र्यांसाठी त्याचं अंतर दीड गाडीवर आलंय, आणि एका म्हाताऱ्या बीगलबरोबर तो शेजारून चालतोसुद्धा. तळमजल्यावरच्या लॅब्रॉडॉरसाठी मात्र अजून पाचच. आम्ही जिन्याने जातो.